मुक्ताईचे खापर आणि घरचा तवा

कार्तिक वद्य एकादशी जवळ येऊ लागली की पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्याचे रूप पालटते. एरवी कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळा पाळणाऱ्या या रस्त्यावर दिघीच्या मॅगझिन चौकापासूनच पताका दिसू लागतात, आणि मोटारींच्या कर्ण्यांतून मधूनच टाळांचा नाद कानी येतो. एकादशीनंतर दोन दिवसांनी, त्रयोदशीस, श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या संजीवन समाधीचा दिवस. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, या वर्षी हा समाधिसोहळा झाला अशी परंपरा आहे. या पर्वकाळात आळंदीत आणि तिच्या वाटेवरील गावांत जी कीर्तने होतात, त्यांपैकी एखाद्या तरी कीर्तनात मांडे भाजल्याची कथा निघाल्यावाचून राहत नाही. आज त्या कथेतील मांड्यांविषयी, आणि त्या निमित्ताने आपल्या घरच्या तव्याविषयी, चार शब्द लिहावयाचे आहेत.

कथा सर्वश्रुत आहे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडे आळंदीत राहत होती. सणाचा दिवस होता. कोणी म्हणतात दिवाळीचा. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली आणि धाकटी मुक्ताई खापर आणावयास कुंभाराकडे गेली. परंपरेचे सन धरले तर तेव्हा तिचे वय सोळा-सतराच्या आतच असले पाहिजे. विसोबा चाटी नावाच्या गृहस्थाला या भावंडांचा विलक्षण द्वेष. त्याने कुंभारांना आधीच दटावून ठेवले होते, की या पोरांना मातीचे भांडे कोणी द्यावयाचे नाही. मुक्ताई रित्या हाताने रडत परत आली. ज्ञानदेवांनी योगबळाने जठराग्नी प्रदीप्त केला, त्यांची पाठ तापल्या खापरासारखी लाल झाली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. दाराआडून पाहणाऱ्या विसोबाचा गर्व गळाला. आत येऊन तो त्या भावंडांचे उच्छिष्ट मागू लागला, तेव्हा मुक्ताईने त्याला 'खेचर' म्हणून दूर सारले, आणि तेच त्याचे नाव झाले. हाच विसोबा खेचर पुढे नामदेवरायांचा गुरू.

चमत्काराची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला त्या कथेतील एका लहानशा गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. विसोबाने पीठ अडवले नाही, तूप अडवले नाही, गूळही अडवला नाही. अडवले ते खापर. ज्या कोणी ही कथा प्रथम सांगितली, तो किंवा ती चुलीपाशी बसलेली व्यक्ती असली पाहिजे यात मला शंका वाटत नाही. पीठ चार घरी मागून मिळते, गूळ नसला तर चालवून घेता येते. पण तापलेली, जाड, सर्वत्र सारखी ऊब धरणारी बैठक नसेल तर मांडा होतच नाही. मांडा पिठात नसतो, तो तापात असतो. बहिष्कार घालणाऱ्यालाही हे नेमके ठाऊक होते. (सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, आणि तो अमलात आला २०१७ मध्ये. मुक्ताईला कुंभाराच्या दारातून परत फिरावे लागले त्यास तोवर सातशे वर्षे उलटून गेली होती.)

मांडा हे कोणाचे अन्न होते हेही पाहण्यासारखे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात 'मण्डक' येतो. गहू धुवावे, वाळवावे, दळावे, पीठ चाळून घ्यावे, तूप-मीठ घालून मळावे, गोळे करून हातांनी पसरवावे आणि तापल्या खर्परावर भाजावे, असा तो विधी आहे. खर्पर म्हणजेच आपले खापर आणि मण्डक म्हणजेच आपला मांडा. ज्ञानदेवांच्या पूर्वी दीडशे वर्षे जो पदार्थ राजाच्या पंक्तीला होता, तो एके दिवशी आपल्याही पानात असावा असे चार अनाथ भावंडांना वाटले. 'मनात मांडे खाणे' ही आपली म्हण उगाच झालेली नाही. ज्यांना ते प्रत्यक्ष मिळत नसत, अशा माणसांचीच संख्या मोठी होती.

पिठाचा पातळ पदार्थ तापल्या बैठकीवर भाजावा आणि तो देवापुढे ठेवावा, ही रीत तर त्याहूनही जुनी. ऋग्वेदात तुपाने माखलेला अपूप आहे. पाणिनीच्या सूत्रांत अपूपादि असा शब्दांचा एक गणच आहे. एका सूत्रावरील काशिकावृत्तीत तर पौर्णिमेलाच 'गुडापूपिका' म्हटले आहे, म्हणजे जिच्या दिवशी घरोघर गुळाचे अपूप होतात ती. एका पौर्णिमेला पक्वान्नावरून नाव पडावे, यावरून त्या काळच्या घरांतील उत्साहाची कल्पना यावी. अधिक मासात जावयाला तेहेतीस अनारसे देताना आपण जे अपूपदान म्हणतो, तो याच शब्दाचा वंश. आणि मालपुव्यातील 'पुवा' हाही तोच. शास्त्रकारांना हा पदार्थ इतका घरचा, की त्यांनी त्यावरून 'दण्डापूपन्याय' बेतला. अपूप ज्या काठीला बांधले होते ती काठीच उंदराने खाल्ली असेल, तर अपूपांचे काय झाले हे निराळे विचारावे लागत नाही. मी तो न्याय स्वयंपाकघरात लावतो. तवाच बिघडला असेल तर घावनाचे काय झाले हे विचारू नये.

हे सर्व ग्रंथांतले झाले. त्याचे प्रात्यक्षिक मला दिघीत पाहावयास मिळाले. गतवर्षी कार्तिकातच तेथील एका सप्ताहात कीर्तनसेवेचा योग होता. आळंदी तेथून पायी दोन-अडीच तासांची. पण सप्ताह संपेपर्यंत स्थान सोडू नये म्हणून जुन्या गावठाणातील एका घरी माझा मुक्काम ठेवला होता. दिघी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली. त्याच्या कितीतरी आधीपासून भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांनी कोकणातली, खानदेशातली, मराठवाड्यातली माणसे येथे आणून बसवली आहेत. त्यामुळे येथील एकेका घरात दोन-दोन प्रांतांच्या चुली नांदतात. हे घर तसेच होते. गृहस्थ रत्नागिरीकडचे, भोसरीच्या एका ओतशाळेत आयुष्यभर मोल्डरचे काम करून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी गुहागरकडच्या, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. सून जळगावची, चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर. घरात गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य पिढ्यानपिढ्यांचा. परंतु सासूबाईंना आता तव्यासमोर उभे राहवत नाही. त्या वर्षी गौरीचे घावन बाहेरून विकत आणावे लागले होते आणि ते त्या माउलीला फार लागले होते. "देवीनं काही म्हटलं नाही, बुवा," त्या मला म्हणाल्या, "पण मला घरात चर्र आवाज आला नाही." सुनेने त्याच दिवशी ठरवले होते की पुढच्या गौरीच्या आत आपण शिकावयाचे. सप्ताहाच्या सात सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून हे शिक्षण पाहिले, आणि जे पाहिले ते येथे देतो. पुष्कळ घरांत आज हीच स्थिती आहे.

पहिली सकाळ निव्वळ तव्याची. सुनेने माहेरून आणलेला पातळ, न चिकटणाऱ्या लेपाचा तवा सासऱ्यांनी बाजूला ठेवला आणि माळ्यावरून बिडाचा जड तवा काढला. त्यांचे बोलणे मला एखाद्या टीकाकारासारखे वाटले. "पातळ तवा लवकर तापतो आणि वर गार पीठ पडलं की लगेच निवतो. बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की माघार घेत नाही." गंज घासून काढला, तवा धुऊन विस्तवावर पूर्ण कोरडा केला, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तो धूर येईपर्यंत तापवला आणि तसाच निवू दिला. हे तीन-चार वेळा. तेल तापून त्याचा जो काळा, गुळगुळीत थर बसतो, तोच पुढे घावन सोडवतो; वरून ओतलेले तेल नव्हे. असा तवा राखेने वा साबणाने खसखसून घासावयाचा नाही. काम झाले की कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसावयाचा.

पिठाचे सांगावयाचे तर कोकणातील घावनाला आंबवण नाही. तांदूळ धुऊन, फडक्यावर सावलीत सुकवून दळलेले पीठ, एक वाटीस दीड ते पावणेदोन वाट्या पाणी, तांदूळ जुना असल्यास थोडे अधिक, चवीपुरते मीठ. पीठ ताकासारखे सरसरीत हवे. भिजवून वीस मिनिटे तरी ठेवावे, म्हणजे कण पाणी पितात. मात्र तांदळाचे पीठ तळाशी बसते, म्हणून प्रत्येक घावनापूर्वी ते तळापासून ढवळलेच पाहिजे. न ढवळल्यास पहिली दोन घावने पाण्याची आणि शेवटची दोन दगडाची होतात. बहुतेक नवशिक्यांची फजिती येथेच होते, आणि दोष बिचाऱ्या तांदळाला लागतो.

तवा तापला की नाही हे कळावयाचे पाण्याच्या थेंबावरून. थेंब नुसता पसरून वाफाळत राहिला तर तवा थंड. पडताक्षणी फुटून सुं करीत नाहीसा झाला तर योग्य. आणि मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर पळू लागला तर अती तापला. मग पीठ पसरत नाही, गोळा होऊन घसरते. अशा वेळी विस्तव कमी करून पाण्याचा हबका मारावा व क्षणभर थांबावे. हा पळणारा थेंब खाली स्वतःच्याच वाफेची गादी करून तिच्यावर तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या एका जर्मन वैद्याने १७५६ साली यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि आज भौतिकशास्त्रात ती घटना त्याच्या नावाने ओळखली जाते. आमच्या गुहागरच्या माउलीने त्याचे नाव ऐकलेले नाही, परंतु थेंब पळाला की "थांब गं" हे शब्द तिच्या तोंडून निघाल्याशिवाय राहत नाहीत.

तिला थेंब दिसत नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. ती सर्व काही कानांनी ओळखत होती. पाटावर भिंतीला टेकून बसलेली, हात मांडीवर, आणि मान किंचित तव्याच्या दिशेने. नारळाच्या शेंडीने तव्याला तेल पुसल्याचा आवाज, मग पिठाची धार. "हा थंड होता, बाई. तव्यानं तोंड उघडलं नाही." पुढचे: "हं, आता बोलला." झाकण ठेवल्यावर आवाज आधी ओलसर, भरलेला येतो, वाफ निघून जाऊ लागली की तो बारीक, कोरडा होतो. त्या वळणावर ती बोट उचलीत असे. झाकण काढावे तो घावनाच्या कडा आपल्या आपण सुटून वर आलेल्या, आणि अंगभर जाळी. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला का दिले, यावर मी कीर्तनात पुष्कळ निरूपण केले आहे. त्या स्वयंपाकघरात ते फारसे करावे लागले नसते.

धार कशी धरावी हे मात्र सासऱ्यांनी शिकवले, आणि ते ऐकण्यासारखे होते. घावनाचे पीठ मध्ये ओतून पळीने पसरावयाचे नसते. काठापासून गोलाकार सुरुवात करून आत येत, थोड्या उंचीवरून, धार न तोडता ओतावयाचे. सून मध्येच थबकत असे आणि घावनावर एक रेघ राहत असे. उचलताना ते तेथेच फाटे. "ओतकामात हेच होतं," सासरे म्हणाले. "साच्यात दोन्हीकडून रस येतो, भेटतो, पण तोवर निवलेला असला तर एकजीव होत नाही. वरून अखंड दिसतं, आत फट. आम्ही त्याला कोल्ड शट म्हणायचो. माल बाद." ती गुणवत्ता तपासणीतलीच मुलगी; एवढे तिला पुरले. त्यानंतर तिची धार तुटलेली मी पाहिली नाही.

चौथ्या सकाळी पानात आलेले घावन मी नारळाच्या गूळ-वेलदोडे घातलेल्या रसाबरोबर खाल्ले. त्याविषयी अधिक लिहिणे कीर्तनकाराला शोभणार नाही.

ज्यांना घावन अवघड वाटेल त्यांनी देशावरच्या धिरड्यापासून आरंभ करावा. कणीक आणि गूळ पाण्यात भिजवून अर्धा तास ठेवलेले गोड धिरडे क्षमाशील आहे. मात्र गूळ चटकन करपतो, म्हणून विस्तव घावनापेक्षा मंद हवा आणि पीठही काहीसे दाट. मालवणकडची आंबोळी तांदूळ, उडीद आणि थोड्या मेथ्यांची. ती रात्रभर आंबते, म्हणून तिला हवामान सांभाळावे लागते. कार्तिकातल्या थंडीत दिघीसारख्या उघड्या माळाच्या गावी पीठ उबेला गुंडाळून ठेवल्याखेरीज फुगत नाही. या तिन्हींना आजची नातवंडे सरसकट पॅनकेक म्हणतात. म्हणोत बापडी. तव्यावरच्या पोळीचे धर्माशी नाते आपल्याकडेच आहे असे नाही. ख्रिस्ती युरोपात चाळीस दिवसांच्या उपवासापूर्वीच्या मंगळवारी घरातील अंडी-लोणी संपविण्यासाठी अशाच पातळ पोळ्या करतात आणि रशियात तो आठवडाच ब्लिनी नावाच्या पोळ्यांचा असतो. श्रावणाच्या आधी आपण आखाड तळतो, त्यातील मनोवृत्ती फार निराळी नसावी.

पहिले घावन बिघडते, यावर सर्व प्रांतांतील स्त्रियांचे एकमत आहे. ते तव्याचे म्हणून सोडून द्यावे. परंतु नैवेद्याचे घावन शिकताना काय करावे, असा प्रश्न मला सुनेनेच विचारला. बिघडलेले देवाला चालत नाही, आणि नैवेद्यापूर्वी कोणी चव घ्यावयाची नाही. मग मीठ बरोबर पडले की नाही हे कळणार कसे? माझे उत्तर असे, की शिकणे सणाच्या दिवशी आरंभू नये. सण हा परीक्षेचा दिवस. त्याच्या आधी दहा-पंधरा सकाळी घरच्यांसाठी घावने घालावी, तीही रोज एकाच वाटीने पीठ-पाणी मोजून, म्हणजे हाताला अंदाज बसतो आणि चव घेण्याची गरजच उरत नाही. सोवळे-ओवळे पाळणाऱ्यांनी पाळावे. पण "तुला जमणार नाही, तू तव्यापाशी येऊ नकोस" असे घरातील मुलीला, सुनेला वा मुलालाही म्हणू नये. आळंदीत कुंभाराच्या दारात एकाने तसे म्हटले होते.

सहाव्या दिवशी जळगावहून एस.टी.ने एक गाठोडे आले. आत गोधडीत गुंडाळलेले सुनेच्या आईचे खापर होते, गरगरीत, काळे, पालथ्या घागरीच्या पाठीसारखे. खानदेशात या खापरावर पुरणाचे मांडे अजूनही भाजतात. बेळगावकडचे मांडे निराळे; ते साखर-खसखशीचे, कागदासारखे कुरकुरीत आणि लग्नकार्यातले. खानदेशी मांड्याची कणीक बारीक चाळणीची, पाणी लावीत, आपटीत, ओढीत इतकी मळतात की ती रबरासारखी ताणते. पुरण भरलेला उंडा पोळपाटावर थोडा लाटून मग दोन्ही हातांवर फिरवीत कोपरापर्यंत पसरावयाचा, आणि खापरावर सोडावयाचा. गॅसवर खापर सर्वत्र सारखे तापत नाही, म्हणून परसात तीन विटांची चूल मांडली.

काल्याच्या दिवशी, कीर्तनाला निघण्यापूर्वी, मी परसात उभा होतो. पहिले तीन मांडे हातावरच फाटले. ते दुधात कुस्करून मुलांना दिले गेले. चौथा अखंड उतरला. तो घडी घालून, तुपाची धार सोडून, आधी देवापुढे गेला. नैवेद्य झाल्यावर सासूबाईंनी पान जवळ मागून घेतले आणि मांड्याची कड दोन बोटांत धरून चाचपली. सून हातातला उलथणे तसाच धरून उभी होती.

"काठाला अजून जाड आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मळताना पाणी आणखी लाव."